घटक ४ : नोकरीच्या अर्जासाठी स्वपरिचयपत्राचे लेखन

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील.
• स्वपरिचयपत्राचे स्वरूप आणि प्रयोजन सांगता येईल.
• विवाहासाठीचा बायोडेटा आणि नोकरीसाठीचे स्वपरिचयपत्र यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• जाहिरातीचे वाचन करून आपल्या माहितीतून योग्य ती निवड करता येईल.
• घरातील, शेतातील, बचत गटातील वा हंगामी कामाचा अनुभव नेमक्या मराठीत मांडता येईल.
• स्वतःचे एक ते दोन पानी स्वपरिचयपत्र तयार करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण अर्जलेखनाचा अभ्यास केला. नोकरीच्या अर्जासोबत जो स्वतंत्र कागद जोडावा लागतो, त्याचा विचार या घटकात करायचा आहे.

मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठी हा विषय विशेष महत्त्वाचा आहे. तुमच्यापैकी अनेकांनी शाळा सोडल्यानंतर काही वर्षांनी पुन्हा पुस्तक हाती घेतले आहे. मधल्या काळात कोणी सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात पाळी केली, कोणी निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत काम केले, कोणी मुले वाढवली, कोणी दुकानाचा हिशेब ठेवला. असे विद्यार्थी स्वपरिचयपत्र लिहू लागले, की बहुधा शिक्षणाच्या दोन-तीन ओळींपाशी थांबतात आणि ‘अनुभव’ या शीर्षकापुढे ‘नाही’ असे लिहितात. हे ‘नाही’ पुष्कळदा खरे नसते. काम झालेले असते; त्याला नाव द्यायचे राहून गेलेले असते. केलेल्या कामाला नेमके नाव कसे द्यावे, हा या घटकाचा मुख्य विषय आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ संज्ञा आणि स्वरूप

या लेखनप्रकारासाठी मराठीत स्वपरिचयपत्र, व्यक्तिवृत्त, बायोडेटा, सीव्ही, रेझ्युमे असे अनेक शब्द वापरले जातात. ‘सीव्ही’ हे ‘करिक्युलम व्हिटे’ या लॅटिन शब्दप्रयोगाचे लघुरूप असून त्याचा अर्थ ‘जीवनाची वाटचाल’ असा होतो. ‘रेझ्युमे’ हा फ्रेंच शब्द आहे. त्याचा अर्थ ‘सारांश’. स्वपरिचयपत्रात वाटचाल असावी लागते, पण ती सारांशरूपाने, हे या दोन शब्दांतून लक्षात येते.

‘बायोडेटा’ या शब्दाबाबत मात्र सावध राहावे लागते. मराठी समाजात हा शब्द विवाह जुळवण्याच्या संदर्भात अधिक रूढ आहे. त्या बायोडेटात जन्मवेळ, उंची, वर्ण, रास, कुलदैवत, मामांचे आडनाव, भावंडे, शेती आणि घर यांची माहिती असते. तिथे व्यक्ती कोणत्या कुळातली, कोणाच्या नात्यातली हे महत्त्वाचे असते. नोकरीच्या कागदात व्यक्ती काय काम करू शकते, एवढेच पाहिले जाते. शब्द एकच असल्यामुळे एका प्रकारची माहिती दुसऱ्या प्रकारात शिरते. नोकरीच्या अर्जात उंची, रास, वडिलांचा व्यवसाय किंवा भावंडांची संख्या लिहिलेली आढळते ती यामुळेच. भाषाविज्ञानात प्रसंग आणि प्रयोजन यांनुसार बदलणाऱ्या भाषारूपाला ‘प्रयुक्ती’ म्हणतात. नोकरीची प्रयुक्ती विवाहाच्या प्रयुक्तीहून वेगळी आहे, हे भान स्वपरिचयपत्र लिहिताना प्रथम यावे लागते.

४.२.२ वाचक कोण? जाहिरात काय म्हणते?

कोणतेही उपयोजित लेखन वाचकाच्या गरजेपासून सुरू होते. स्वपरिचयपत्राच्या वाचकाला एका पदासाठी अनेक कागद चाळायचे असतात. आपल्याला हवी ती गोष्ट त्यात आहे की नाही, हे त्याला पहिल्या काही क्षणांत दिसावे लागते.

या संदर्भात एक जुने उदाहरण उद्बोधक आहे. सुमारे १४८२ मध्ये लिओनार्दो दा विंची याने मिलानचा सत्ताधारी लुडोव्हिको स्फोर्झा याला उद्देशून लिहिलेल्या पत्राचा मसुदा उपलब्ध आहे. आज चित्रकार म्हणून जगाला ज्ञात असलेल्या या माणसाने त्या पत्रात आधी वाहून नेता येणारे हलके पूल, वेढ्याची साधने, तोफा यांविषयीची आपली कौशल्ये क्रमांक घालून सांगितली आणि चित्रकलेचा उल्लेख अखेरीस केला. समोरच्या राज्यकर्त्याची गरज युद्धाची होती. आपल्याला काय सर्वांत प्रिय आहे, यापेक्षा वाचकाला काय हवे आहे, यावरून त्याने क्रम ठरवला.

आता आपण एक काल्पनिक जाहिरात पाहू. या घटकात पुढे तिचाच आधार घ्यायचा आहे.

‘निफाड तालुक्यातील शेतकरी उत्पादक कंपनीस कार्यालयीन सहायक पाहिजे. पदवीधर अथवा पदवीच्या अंतिम वर्षातील उमेदवार. मराठी संगणक टंकलेखन आवश्यक. शेतमालाच्या आवक-जावक नोंदींचा अनुभव असल्यास प्राधान्य. हंगामात जादा वेळ थांबावे लागेल.’

ही जाहिरात पेन्सिल घेऊन वाचावी. ‘आवश्यक’ या शब्दाने अट कळते, ‘प्राधान्य’ या शब्दाने अपेक्षा कळते आणि शेवटच्या वाक्याने कामाची परिस्थिती कळते. या तिन्हींना तुमच्या कागदात उत्तर असले पाहिजे. म्हणूनच एकदा तयार केलेले स्वपरिचयपत्र जसेच्या तसे दहा ठिकाणी पाठवू नये. माहिती तीच राहील. क्रम आणि भर प्रत्येक पदासाठी बदलेल.

शासकीय पदांच्या बाबतीत बहुधा विहित नमुन्यातील अर्ज भरायचा असतो. तेथे नमुन्यातील रकाने हेच अंतिम समजावेत. स्वतंत्र स्वपरिचयपत्र मागितले असेल तरच जोडावे.

४.२.३ स्वपरिचयपत्राचे घटक

(अ) नाव व संपर्क : नाव प्रमाणपत्रावर आहे तसेच लिहावे. विवाहानंतर नाव बदललेल्या विद्यार्थिनींच्या शालेय प्रमाणपत्रांवर माहेरचे नाव असते. अशा वेळी सध्याचे नाव लिहून पुढे ‘प्रमाणपत्रांवरील नाव’ अशी स्वतंत्र ओळ द्यावी. राजपत्रात नावबदल प्रसिद्ध केला असल्यास त्याची प्रत मागितल्यावर दाखवता येईल अशी तयार ठेवावी. पत्ता, चालू असलेला दूरध्वनी क्रमांक आणि स्वतःच्या नावाशी जुळणारा ई-मेल पत्ता एवढे पुरेसे आहे. आधार क्रमांक, पॅन आणि बँक खात्याचा क्रमांक स्वपरिचयपत्रात लिहू नये. हा कागद किती हातांतून जाईल, हे आपल्याला ठाऊक नसते.

(आ) थोडक्यात परिचय : दोन ते तीन ओळींत तुमचे मुख्य काम, कौशल्य आणि शिक्षण सांगावे. ‘आपल्या नामांकित संस्थेत काम करून प्रगती साधण्याची इच्छा आहे’ यांसारखी वाक्ये टाळावीत. ती कोणत्याही कागदावर चालतात, म्हणून कोणाविषयी काहीच सांगत नाहीत.

(इ) शिक्षण : अलीकडचे शिक्षण आधी, जुने नंतर. परीक्षा, विद्यापीठ किंवा मंडळ, वर्ष आणि श्रेणी अशी माहिती द्यावी. पदवी अपूर्ण असेल तर ‘तृतीय वर्ष, सुरू’ असे स्पष्ट लिहावे. दूरशिक्षणाचा उल्लेख करताना संकोच बाळगण्याचे कारण नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या मुक्त व दूरस्थ शिक्षणविषयक विनियमांनुसार, मान्यताप्राप्त संस्थेने या पद्धतीने दिलेली पदवी नियमित पद्धतीच्या तत्सम पदवीशी समकक्ष मानली जाते. नोकरी सांभाळून शिकणारा उमेदवार वेळेचे नियोजन करू शकतो, ही गोष्ट वाचकाला त्या नोंदीतूनच कळते. पूर्वतयारी शिक्षणक्रमातून पदवीला आलेल्यांनीही तो मार्ग जसा आहे तसा नोंदवावा. मात्र जाहिरातीत बारावी उत्तीर्ण अशी स्वतंत्र अट असेल, तर अर्ज करण्यापूर्वी पात्रतेची खात्री करून घ्यावी.

(ई) अनुभव : याचा विचार पुढील उपघटकात सविस्तर केला आहे.

(उ) कौशल्ये : पडताळून पाहता येतील अशीच कौशल्ये लिहावीत. ‘संगणकाचे ज्ञान’ या शब्दांतून काहीच निश्चित होत नाही. ‘एमएस-सीआयटी उत्तीर्ण, एक्सेलमध्ये बेरीज, वर्गवारी व तक्ते करता येतात, युनिकोड मराठी टंकलेखन’ यातून नेमकेपणा येतो. मराठीच्या विद्यार्थ्यांनी मुद्रितशोधन, सारांशलेखन, इतिवृत्तलेखन आणि भाषांतर ही अभ्यासक्रमातून मिळालेली कौशल्येही जरूर नोंदवावीत.

(ऊ) संदर्भ व्यक्ती : तुमचे काम प्रत्यक्ष पाहिलेल्या दोन व्यक्तींची नावे, त्यांची पूर्वसंमती घेऊनच द्यावीत. नातेवाइकांची नावे देऊ नयेत.

धर्म, जात, वैवाहिक स्थिती आणि छायाचित्र या गोष्टी जाहिरातीत मागितल्या असतील तरच द्याव्यात. आरक्षित पदासाठी प्रवर्गाचा उल्लेख करावा लागतो, तो अशा मागणीचा भाग होय.

४.२.४ अनुभवाला नाव देणे

‘अनुभव’ म्हणजे पगारपत्रक असलेली नोकरी, अशी आपली समजूत असते. वाचकाला मात्र एवढेच जाणून घ्यायचे असते, की या माणसाने अशा प्रकारचे काम पूर्वी जबाबदारीने केले आहे का. पुढील दोन उदाहरणे पाहा.

पहिले उदाहरण बचत गटाचे. गटाच्या कामाची ‘पंचसूत्री’ अनेक विद्यार्थिनींना परिचित असेल : नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जवाटप, वेळेवर परतफेड आणि हिशेबलेखन. जी स्त्री गटाची सचिव असते ती बैठकीचे इतिवृत्त लिहिते, प्रत्येक सभासदाच्या बचतीची व कर्जाची नोंद ठेवते, बँकेशी व्यवहार करते. कार्यालयाच्या भाषेत यालाच इतिवृत्तलेखन, खातेनिहाय नोंदी आणि बँक व्यवहार म्हणतात. ‘बचत गटात आहे’ या तीन शब्दांत हे सगळे झाकले जाते.

दुसरे उदाहरण द्राक्षहंगामाचे. निर्यातीच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये प्रतवारी, वजन, पेट्या भरणे आणि त्यांची नोंद अशी कामे चालतात. तेथे हजेरी घेणारी, वजनाच्या नोंदी करणारी व्यक्ती ‘मजुरी केली’ असे लिहिते. मजुरी हा कष्टाचा आणि सन्मानाचा शब्द आहे. पण आपल्या जाहिरातीतील कंपनीला ज्या ‘आवक-जावक नोंदी’ हव्या आहेत, त्या याच कामात दडलेल्या आहेत, हे त्या शब्दातून कळत नाही.

अनुभव लिहिताना स्वतःला चार प्रश्न विचारावेत : कोणते काम केले? कोठे? किती काळ? किती प्रमाणात? चौथा प्रश्न बहुतेक जण विसरतात. किती माणसांची हजेरी, किती सभासदांचा हिशेब, किती पानांचे टंकलेखन, अशी संख्या दिली की विधानाला वजन येते. संख्या नेमकी आठवत नसेल तर ‘सुमारे’ हा शब्द वापरावा. फुगवलेली संख्या मुलाखतीतील एका साध्या प्रश्नाने उघडी पडते.

येथे एक सीमा पाळावी लागते. कामाला नाव देणे वेगळे आणि कामाला चढवलेले नाव देणे वेगळे. हजेरी घेणाऱ्याने ‘मनुष्यबळ व्यवस्थापक’ असे लिहू नये. ‘हजेरीपत्रक ठेवणे’ हे पुरेसे चांगले नाव आहे.

४.२.५ स्वपरिचयपत्राची भाषा

(अ) विशेषणांपेक्षा क्रियापदे : ‘मेहनती, प्रामाणिक, जिद्दी, मनमिळाऊ’ ही विशेषणे स्वतःसाठी वापरल्यास वाचकाला ती पडताळता येत नाहीत. ‘पाच हंगाम रोख मजुरीवाटपाचा हिशेब ठेवला’ हे वाक्य वाचले, की प्रामाणिकपणाचे अनुमान वाचक स्वतः काढतो.

(आ) संदिग्ध क्रियापदे : ‘पाहणे’, ‘सांभाळणे’ आणि ‘मदत करणे’ ही तीन क्रियापदे मराठीत फार सोयीची आहेत आणि म्हणूनच येथे निरुपयोगी आहेत. ‘दुकान सांभाळले’ म्हणजे काय केले? माल मागवला, उधारीची वही ठेवली, की गिऱ्हाइकांना माल दिला? जे केले ते लिहावे.

(इ) वाक्यरचना : मराठीच्या व्याकरणातील एक सोय येथे उपयोगी पडते. भूतकाळात सकर्मक क्रियापद बहुधा कर्माशी जुळते. ‘हजेरी ठेवली’, ‘हिशेब ठेवला’, ‘इतिवृत्त लिहिले’ या वाक्यांत क्रियापदाचे रूप करणाऱ्यानुसार बदलत नाही. ते केलेल्या कामानुसार बदलते. म्हणून ‘मी’ गाळूनही वाक्य पूर्ण व स्वाभाविक राहते आणि वाचकाची नजर कामावर स्थिरावते. ‘शिकणे’ यांसारखी काही क्रियापदे याला अपवाद आहेत. तेथे ‘शिकलो’ किंवा ‘शिकले’ असे कर्त्यानुसार लिहावे लागते. त्याऐवजी ‘टंकलेखनाचे शिक्षण पूर्ण केले’ अशी रचना करता येते. चालू कामासाठी ‘नोंदी ठेवणे’, ‘पत्रव्यवहार करणे’ अशी ‘-णे’ प्रत्ययाची रूपे वापरावीत. एका यादीत मात्र एकच रूप ठेवावे. एक ओळ ‘ठेवली’, दुसरी ‘ठेवणे’, तिसरी ‘ठेवते’ असे करू नये.

(ई) शब्दनिवड : प्रमाणभाषा वापरावी, पण प्रत्येक शब्दाचे संस्कृतीकरण करण्याची गरज नाही. ‘पॅकहाउस’, ‘क्रेट’, ‘एक्सेल’ हे शब्द त्या क्षेत्रात रूढ आहेत, ते तसेच ठेवावेत.

(उ) लेखननियम : मराठी घेऊन पदवी मिळवणाऱ्याच्या कागदातील ऱ्हस्व-दीर्घाची चूक इतरांपेक्षा अधिक खटकते. लिहून झाल्यावर एक रात्र जाऊ द्यावी आणि मग मोठ्याने वाचावे. शक्य असल्यास दुसऱ्या व्यक्तीकडून वाचून घ्यावे.

४.२.६ मधली रिकामी वर्षे

प्रौढ विद्यार्थ्यांना सर्वांत अधिक भय वाटते ते वर्षांच्या खंडाचे. बारावी २००८ मध्ये आणि पदवीला प्रवेश २०२३ मध्ये, तर मधली पंधरा वर्षे कोठे गेली, हा प्रश्न वाचकाला पडणारच. तारखा गाळल्या तर तो प्रश्न संशयाचे रूप घेतो. त्याऐवजी एका ओळीत उत्तर द्यावे : ‘२००८ ते २०१५ : कौटुंबिक जबाबदारी.’ आजारपण, मुलांचे संगोपन, वृद्धांची शुश्रूषा, कारखाना बंद पडणे यांपैकी कारण कोणतेही असो, त्याचे सविस्तर वर्णन करू नये आणि त्याबद्दल क्षमाही मागू नये. त्यानंतर काय केले, हे पुढच्या ओळीत आले की पुरे.

खोटी नोकरी दाखवून ही जागा भरण्याचा सल्ला काही जण देतात. तो मुळीच मानू नये. मागील मालकाला एक दूरध्वनी केला की असत्य उघड होते आणि नेमणूक झाल्यानंतरही खोट्या माहितीमुळे ती रद्द होऊ शकते.

४.२.७ नमुना

४.२.२ मधील जाहिरातीसाठी तयार केलेला पुढील नमुना काल्पनिक आहे.

स्वपरिचयपत्र

नाव : (सध्याचे पूर्ण नाव)
प्रमाणपत्रांवरील नाव : (माहेरचे पूर्ण नाव)
पत्ता : मु. पो. ........, ता. निफाड, जि. नाशिक
दूरध्वनी, ई-मेल : ........

परिचय : शेतमालाच्या वजन व आवक-जावक नोंदींचा पाच हंगामांचा अनुभव. २०१८ पासून बचत गटाचे हिशेबलेखन. मराठी संगणक टंकलेखन उत्तीर्ण. बी.ए. (मराठी) तृतीय वर्षात शिक्षण सुरू.

अनुभव :
२०१८ पासून – सचिव, महिला बचत गट (१२ सभासद)
• मासिक बैठकीचे इतिवृत्त लिहिणे
• बचत, अंतर्गत कर्ज व परतफेड यांच्या सभासदनिहाय नोंदी ठेवणे
• बँकेतील भरणा व पत्रव्यवहार करणे

२०१५ ते २०१९ – नोंदणी काम, द्राक्ष पॅकहाउस (दरवर्षी जानेवारी ते एप्रिल)
• सुमारे ४० कामगारांची दैनंदिन हजेरी ठेवली
• आलेल्या क्रेटचे वजन व रवाना झालेल्या पेट्यांची संख्या नोंदवली
• हंगामाच्या भरात रात्रीपर्यंत थांबून दिवसाचा ताळमेळ पूर्ण केला

२००८ ते २०१५ – कौटुंबिक जबाबदारी

शिक्षण :
बी.ए. (मराठी), तृतीय वर्ष, सुरू – मुक्त विद्यापीठ, नाशिक (प्रवेश २०२३)
बारावी – २००८. दहावी – २००६

कौशल्ये :
मराठी संगणक टंकलेखन, ३० शब्द प्रतिमिनिट – महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, २०२२
एमएस-सीआयटी – २०१९
भाषा : मराठी, हिंदी (वाचन, लेखन, संभाषण), इंग्रजी (वाचन)

संदर्भ व्यक्ती : दोन (संमतीने)

दिनांक, स्थळ, स्वाक्षरी

हा नमुना वाचताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. येथे अनुभव शिक्षणाच्या आधी ठेवला आहे, कारण या जाहिरातीत नोंदींच्या अनुभवाला प्राधान्य आहे. हीच उमेदवार एखाद्या मुद्रणालयात मुद्रितशोधकाच्या पदासाठी अर्ज करील, तेव्हा शिक्षण आणि भाषिक कौशल्ये वर येतील व क्रेटच्या नोंदी एका ओळीत सामावतील. ‘रात्रीपर्यंत थांबून’ ही ओळ जाहिरातीतील जादा वेळेच्या अपेक्षेचे उत्तर आहे. इंग्रजी भाषेपुढे केवळ ‘वाचन’ असे लिहिले आहे. तेवढेच खरे असल्यास तेवढेच लिहिणे योग्य.

४.२.८ पाठवण्यापूर्वी

मराठी मजकूर युनिकोडमध्येच टंकलिखित करावा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये तयार केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडल्यास अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसू शकतात. फाइल पीडीएफ स्वरूपात पाठवावी आणि फाइलला स्वतःचे नाव व पदाचे नाव द्यावे. भाषा जाहिरातीच्या भाषेप्रमाणे निवडावी : मराठी जाहिरातीला मराठीत, इंग्रजी जाहिरातीला इंग्रजीत. मुलाखतीपूर्वी किंवा नेमणुकीपूर्वी कोणी ‘नोंदणी शुल्क’ म्हणून खासगी खात्यावर पैसे मागितले, तर ती फसवणूक असण्याचा संभव मोठा असतो. अशा ठिकाणी कागदपत्रे पाठवू नयेत.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘प्रयुक्ती’ म्हणजे काय?
२. अनुभव लिहिताना कोणते चार प्रश्न विचारावेत?
३. पुढील वाक्य सुधारून लिहा : ‘मी काकांच्या दुकानात मदत करत होतो आणि मी खूप मेहनती आहे.’

४.३ सारांश

स्वपरिचयपत्र हा कुळाचा परिचय नसून कामाचा पुरावा आहे. ते विशिष्ट पदासाठी, विशिष्ट वाचकासाठी लिहिले जाते. त्यात काय घ्यावे व कोणत्या क्रमाने मांडावे, हे जाहिरातीवरून ठरते. पगारी नोकरी नसली तरी जबाबदारीने केलेले काम हा अनुभव असतो. तो काम, स्थळ, काळ आणि प्रमाण यांसह मांडावा. विशेषणांऐवजी नेमकी क्रियापदे वापरावीत. खंड लपवू नये आणि पद फुगवू नये.

४.४ पारिभाषिक शब्द

प्रयुक्ती : प्रसंग व प्रयोजन यांनुसार वापरले जाणारे भाषारूप.
इतिवृत्त : बैठकीतील चर्चेची व निर्णयांची लेखी नोंद.
मुद्रितशोधन : छपाईपूर्वी मजकुरातील चुका शोधून दुरुस्त करणे.
विहित नमुना : संस्थेने ठरवून दिलेला अर्जाचा नमुना.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१. प्रसंग आणि प्रयोजन यांनुसार बदलणाऱ्या भाषारूपाला प्रयुक्ती म्हणतात.
२. कोणते काम, कोठे, किती काळ, किती प्रमाणात.
३. संभाव्य उत्तर : ‘२०१९ ते २०२१ – किराणा दुकान, सिन्नर : मालाची मागणी नोंदवली, सुमारे ६० ग्राहकांच्या उधारीची वही ठेवली.’ (विशेषण गाळले, क्रियापदे व प्रमाण दिले. तुमच्या उत्तरातील तपशील वेगळे असू शकतात.)

४.६ स्वाध्याय

१. विवाहविषयक बायोडेटा आणि नोकरीसाठीचे स्वपरिचयपत्र यांची प्रयोजन, माहिती व भाषा या तीन अंगांनी तुलना करा.
२. ‘स्वपरिचयपत्रात क्रियापदांना विशेषणांपेक्षा अधिक महत्त्व असते.’ सोदाहरण चर्चा करा.

४.७ क्षेत्रीय कार्य

या आठवड्यातील स्थानिक वर्तमानपत्रातून तुम्हाला योग्य वाटणारी एक जाहिरात कापून वहीत चिकटवा. तिच्यातील अट, अपेक्षा आणि परिस्थिती अधोरेखित करा. त्यानंतर गेल्या दहा वर्षांत तुम्ही केलेल्या सर्व कामांची यादी करा. बिनपगारी कामेही त्यात घ्या. त्या यादीतून या जाहिरातीला लागू पडणारी कामे निवडून स्वतःचे स्वपरिचयपत्र तयार करा आणि अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्राला येताना ते सोबत आणा.